बारा खुणांची बाटली

चर्चच्या पाळकांची चिठ्ठी शुक्रवारी आली. घरच्या थोरल्या सुनेने, थोरलीने, ती वाचली, घडी घालून पाकिटात ठेवली, पुन्हा काढली आणि खिडकीपाशी उभी राहून परत वाचली. चारच ओळी होत्या. धाकटा दीर गावात आला आहे, पाळकांकडेच उतरला आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर त्याला मंडळीसमोर साक्ष द्यायची आहे. आपल्या हातून काय घडलं आणि प्रभूने त्यातून कसं बाहेर काढलं ते सांगायचं आहे. घरच्यांची हरकत असेल तर तो तोंड उघडणार नाही. हेच विचारायला तो शनिवारी दुपारी घरी येईल.

हरकत असेल तर बोलणार नाही, हे वाक्य तिला सगळ्यात जास्त खटकलं. ज्याला बोलायचंच आहे तो आधी विचारायला कशाला येईल? विचारायला येतो तो दुसरंच काहीतरी मागायला येतो, असं तिचं सरळ मत झालं. चिठ्ठी तिने नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवून राहिली.

थोरल्याने ती वाचली आणि तो म्हणाला, "दुकानाची अब्रू वेशीवर टांगायला आलाय."

तिला बरं वाटलं. निदान एकजण तरी आपल्या बाजूला आहे.

दुकान म्हणजे घराखालचं औषधांचं दुकान. तिच्या सासऱ्यांनी ते उभं केलं. त्या काळात डॉक्टर कागदावर लिहून द्यायचे आणि औषध दुकानातच बनायचं. बाबा पावडर तोलायचे, खलात घोटायचे, पाण्यात मिसळून बाटलीत भरायचे आणि बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे. पट्टीवरची एक खूण म्हणजे एक डोस. बाबांची नजर अधू झाली तेव्हा थोरला दर्शनी भागात गिऱ्हाईक बघायचा आणि धाकटा मागच्या खोलीत औषध बनवायचा. हात सफाईदार होता त्याचा. पण पिण्याची सवय लागली होती, आणि ती सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नव्हतं.

थोरलीचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. दिवसभर चिवचिव करायचा म्हणून सगळे त्याला चिमण म्हणायचे. त्याला ताप आला, डॉक्टरांनी कडू औषध लिहून दिलं, धाकट्याने ते बनवलं. सहा दिवसांनी ताप गेला आणि त्याबरोबर चिमणचे कानही गेले. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या औषधाचं प्रमाण जास्त झालं की असं होतं. मागच्या खोलीत धाकट्याच्या कपाटातून दारूची बाटली निघाली, आणि मग विचारायचं काही उरलंच नाही. थोरल्याने भावाला हाताला धरून रस्त्यावर काढलं. धाकटा एक शब्दही न बोलता गेला. या गोष्टीला आता वीस वर्षं झाली होती.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दोघांनाच माहीत असलेली गोष्ट वेगळी होती. त्या बाटलीवर बारा खुणा होत्या, चार दिवसांच्या. ताप उतरत नाही म्हणून थोरलीने घाबरून त्या बारा खुणा दोन दिवसांत संपवल्या होत्या. एकदा दोन, पुन्हा दोन, पहाटे आणखी दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या नळावर रिकामी बाटली धूत होती, पट्टी नखाने खरवडून काढत होती, तेव्हा धाकटा दारात उभा होता. त्याने बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आत गेला. तेव्हा कुणालाच काही कळलं नव्हतं, तिलाही नाही. कळलं ते नंतर, आणि तेव्हापासून ती त्याच्या तोंड उघडण्याची वाट पाहत होती.

शनिवारी दोन वाजता दुकानाचं शटर खाली ओढून थोरला वर आला. बाबांना मधल्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं. नणंदही आली होती. मोठ्या इस्पितळात चौतीस वर्षं परिचारिका, त्यातली शेवटची बारा मेट्रन म्हणून काढलेली. घरातही तिला सगळे मेट्रनच म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. चिमण वर माडीवर त्याच्या खोलीत कामात होता. तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. त्याला खाली बोलवायचं की नाही यावर सकाळीच वाद झाला होता, आणि थोरलीने तो जिंकला होता. तिचं म्हणणं, मुलाला उगाच त्रास कशाला. मेट्रन तेव्हा काही बोलली नव्हती, पण तिने थोरलीकडे पाहिलं ते पाहणं थोरलीच्या लक्षात राहिलं.

धाकटा आला तेव्हा तिने आधी त्याचे बूट पाहिले. जुने, पण पॉलिश केलेले. मग हात पाहिले, कापत नव्हते. केस सगळे पिकले होते. तो बाबांच्या पायाशी बसला आणि बाबांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कारण त्यांना आता सावल्यांखेरीज काही दिसत नव्हतं. बाबा रडले. मेट्रनने डोळे पुसले. थोरला भिंतीकडे पाहत उभा राहिला.

धाकट्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मेट्रनला सहज विचारलं, "मागचा नळ अजून आहे का गं ताई? की बदलला?"

थोरलीने हातातली बशी खाली ठेवली. नळच का? या घरात विचारण्यासारख्या शंभर गोष्टी होत्या.

बोलणं सुरू झालं ते बरंच लांबलं. धाकट्याने आपली हकीकत सांगितली. अकरा वर्षं तो या बंदरातून त्या बंदरात हमाली करत पीत राहिला. मग एका थंडीत रस्त्यावर पडलेला असताना बेवारशी रुग्णांच्या आश्रमातल्या लोकांनी उचलून नेलं. बरा झाला आणि तिथेच राहिला. आता नऊ वर्षं तो तिथे म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालतो, त्यांच्या जखमा धुतो. औषधांना हात लावत नाही, असं त्याने मुद्दाम सांगितलं. दारूला नऊ वर्षं शिवलेला नाही.

"नऊ वर्षं सुधारलात," थोरली म्हणाली, "मग नऊ वर्षं कुठे होतात?"

"हिंमत होत नव्हती, वहिनी."

"आणि आता झाली."

"हो."

त्याने एवढंच उत्तर दिलं आणि खाली पाहिलं. तिला वाटलं, हा काहीतरी गिळतोय.

थोरल्याने आपली बाजू मांडली. दुकानावर लोकांचा विश्वास आहे, तो परत मिळवायला त्याला दहा वर्षं लागली, आता मंडळीसमोर उभं राहून जुनं उकरून काढलं तर सोमवारी गिऱ्हाईक दारात येणार नाही. देवाला सांगायचं ते खोलीचं दार लावून सांगता येतं. मेट्रनने त्याला आडवं घेतलं. म्हणाली, लोकांना सगळं ठाऊकच आहे, बोलत नाहीत एवढंच. चोरून केलेली कबुली ही अर्धी कबुली. बाबा म्हणाले, माझ्या डोळ्यांनी नाही तर नाही, कानांनी तरी मला पोराला देवळात उभा राहिलेला ऐकू दे. तो आवाज ऐकून थोरल्याची मान खाली गेली. थोरलीने ते पाहिलं. नवरा आता बाबांकडे झुकणार होता.

म्हणून ती मध्ये पडली. अगदी शांतपणे म्हणाली, "हरकत कशाला? पण काय बोलणार ते आधी कळायला हवं. आमच्या मुलाबद्दल बोलणार आहेत."

धाकट्याने कोटाच्या आतल्या खिशातून दोन कागद काढून तिच्याकडे दिले. जणू काही तयारच होते.

तिने ते उभ्यानेच वाचले. वाचताना ती स्वतःला शोधत होती. पहिल्या पानावर दारू, बाप, भाऊ. दुसऱ्या पानावर चिमण. 'माझ्या हातून त्या लेकराच्या औषधात जास्त पडलं आणि त्याचं ऐकणं मी हिरावून घेतलं.' मग आश्रम, मग प्रभूची कृपा, मग मंडळीकडे क्षमेची विनंती. ती कुठेच नव्हती. वहिनी हा शब्दसुद्धा नव्हता. तिने दुसऱ्यांदा वाचलं, कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिच्या छातीतलं ओझं वाढलंच. कागदावर नाही याचा अर्थ तोंडात आहे, असंच तिला वाटलं. उद्या उभा राहील, कागद बाजूला ठेवील आणि म्हणेल, आणखी एक गोष्ट.

तेवढ्यात धाकटा म्हणाला, "दादा, मला वहिनींशी दोन मिनिटं वेगळं बोलायचंय. खाली, मागच्या खोलीत. चालेल?"

थोरल्याने आश्चर्याने बायकोकडे पाहिलं. मेट्रनने मात्र पाहिलं नाही, आणि तेच थोरलीला बोचलं. हिला आधीच सांगून ठेवलंय की काय?

मागच्या खोलीत आता औषधं बनत नव्हती. तयार गोळ्यांची खोकी रचलेली असायची. जुना तराजू काचेच्या पेटीत होता. धाकट्याने दार लोटलं, पण लावलं नाही. थोरली नळाकडे पाठ करून उभी राहिली आणि तिनेच सुरुवात केली.

"काय हवंय तुम्हाला? दुकानात वाटा? का परत इथे राहायला यायचंय? सरळ सांगा."

"काही नको."

"काही नको असं माणूस वीस वर्षांनी सांगायला येत नाही."

तो खोक्यावर टेकला. म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी औषधात किती घातलं ते मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. दुप्पट घातलं असेल, बरोबरही घातलं असेल. मी शुद्धीत नव्हतो."

"मग कागदावर का लिहिलंत जास्त पडलं म्हणून?"

"प्यालेल्या हातांनी लेकराचं औषध बनवलं. मला तेवढं पुरे आहे. माप खाली आलं की वर गेलं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे."

मग अगदी हळू तिने विचारलं, "आणि माझं?"

"तुमचं मी पाहिलं होतं."

बाहेर रस्त्यावरून एक हातगाडी गेली. तिने दार आणखी लोटून घेतलं.

"तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा मला खरंच वाटलं की दोष माझाच. नंतर मात्र प्यायलो की तुमची आठवण यायची. एक दिवस जाईन आणि सगळ्यांसमोर सांगेन, असं ठरवायचो. कसं उभं राहायचं, कोणत्या शब्दाने सुरू करायचं, सगळं ठरवलेलं होतं. अकरा वर्षं त्याच्यावर जगलो मी. मग दारू सुटली, पण हे सुटलं नाही. गुडघे टेकून देवाकडे माफी मागायचो, आणि तुमच्याविरुद्धचा पुरावा जपून ठेवलेला असायचाच. दोन्ही एका मनात राहीनात. नऊ वर्षं कुठे होतो विचारलंत ना? इथे होतो."

"आता टाकलात तो पुरावा?"

"तुम्हाला द्यायला आणला. मी कुणाजवळ बोलणार नाही. उद्या नाही, कधीच नाही. ताईलाही ठाऊक नाही."

थोरलीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. आयुष्यभर तिने गिऱ्हाइकांची तोंडं वाचली होती. उधारी मागणारा, खोटी चिठ्ठी आणणारा, दारात पाऊल ठेवताच ओळखू यायचा. याच्या तोंडावर तिला काही सापडेना. त्याचाच तिला जास्त राग आला.

"आणि बदल्यात?"

तो थोडा हसला. "मी पण हेच विचारलं होतं आश्रमातल्या लोकांना. तुझी किंमत आधीच कुणीतरी चुकवलीय, म्हणाले. मला वाटलं, यात नक्की काहीतरी गोम आहे. कितीतरी दिवस त्यांचं अन्न वास घेऊन खात होतो."

"देवाला सगळं ठाऊक होतं ना," ती एकदम म्हणाली, "मग त्याने माझा हात का नाही धरला? त्या पहाटे? एकदा तरी?" आवाज फाटला तशी तिने तोंडावर पदर धरला.

"ते मला कळत नाही. खोटं कशाला सांगू? त्याचं शहाणपण माझ्या डोक्यात मावत नाही. एवढंच कधीतरी वाटतं, की ती बाटली तपासली गेली असती तर आपल्यातला एकजण सुटला असता. आणि सुटलेल्याने दुसऱ्याला जन्मात माफ केलं नसतं. मी तर नक्कीच नसतं केलं."

ती काचेच्या पेटीकडे पाहत राहिली. तिला सारखं वाटत होतं, आता हा काहीतरी मागेल. त्याने काही मागितलं नाही. तो उठला, दार उघडून धरलं आणि तिला आधी जाऊ दिलं.

जिन्याच्या मधल्या वळणावर ती थांबली. डावीकडे मधली खोली, तिथे सगळे वाट पाहत होते. आत जाऊन म्हटलं असतं, माझी हरकत नाही, तर विषय मिटला असता. उद्या तो एकटा उभा राहिला असता, लोकांनी त्याला पोटाशी धरलं असतं, आणि तिचं गुपित तिच्याबरोबर मातीत गेलं असतं. हातात आयतं आलेलं होतं ते. तिने कठड्याला धरलं आणि वरच्या पायऱ्या चढू लागली.

चिमण खिडकीखाली बाकावर बसून मेणात एकेक दात बसवत होता. समोर प्लॅस्टरचे जबड्यांचे साचे मांडलेले. तिची सावली बाकावर पडली तसं त्याने वर पाहिलं आणि हातांनी विचारलं, काका आले? त्यांच्या घरातली ही हातांची बोली होती. थोरलीने आणि त्याने मिळून ती तयार केली होती, मेट्रनला अर्धीमुर्धी यायची, थोरल्याला त्याहून कमी. ओठ मात्र चिमण सगळ्यांचे वाचायचा.

तिने सांगितलं. ओठांनी आणि हातांनी, दोन्हींनी, म्हणजे चुकीचं काही समजायला नको. बाटली. बारा खुणा. चार दिवस. दोन दिवस. तिने दोन बोटं वर धरली आणि ती तशीच धरून ठेवली. काकांनी प्यालेल्या हातांनी औषध बनवलं होतं हे सांगितलं. नेमकं कशाने झालं ते आता कुणालाच कळणार नाही, कारण बाटली तिनेच धुतली, हेही सांगितलं.

चिमणने हातातली सळई खाली ठेवली. मग डोळे मिटले.

तो डोळे मिटतो तेव्हा त्याच्याशी बोलायला वाट राहत नाही. लहानपणी हट्टात असं करायचा आणि ती हसायची. आता ती नुसती उभी राहिली. त्याच्या खांद्याला हात लावावा असं फार वाटलं, पण लावला नाही. खालून थोरल्याचं खोकणं ऐकू आलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. किती वेळ गेला कोण जाणे.

त्याने डोळे उघडले ते तिच्याकडे न पाहता. बाकावर प्लॅस्टरची भुकटी पसरली होती, तिच्यात त्याने बोटाने लिहिलं, 'काकांना माहीत होतं?'

तिने होकारार्थी मान हलवली.

'तरी गप्प?' एवढंच त्याने लिहिलं.

तिने पुन्हा मान हलवली. चिमणने तळहाताने भुकटी सारखी केली, हात फडक्याला पुसले आणि तिच्या बाजूने जिना उतरून गेला. ती मागोमाग गेली.

मधल्या खोलीत तो सरळ धाकट्यासमोर जाऊन उभा राहिला. काकापेक्षा आता उंच होता तो. धाकट्याने त्याला चार वर्षांचा असताना शेवटचं पाहिलं होतं. तो उठून उभा राहिला. थोरला पुढे सरसावला, कारण मुलाचा चेहरा पाहून त्याला वाटलं आता हा हात उगारणार.

"थांबा," थोरली दारातून म्हणाली. "आधी माझं ऐका."

तिने उभ्याउभ्या सांगून टाकलं. चार वाक्यं लागली. वीस वर्षं तिला वाटत होतं की सांगायला लागलं तर रात्र पुरणार नाही.

थोरल्याने चष्मा काढला. तो औषधं विकणारा माणूस होता, त्याच्या मनात हिशोब आपोआप झाला असणार. ओठ हलले आणि थांबले. मग तो भावाकडे पाहू लागला, रस्त्यावर काढल्यापासून पहिल्यांदाच. मेट्रन खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं कधीतरी." तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, थकवा होता. बाबांनी विचारलं, "कोण बोललं? थोरली बोलली?" आणि स्वतःशीच मान डोलावली.

चिमण हातांनी बोलू लागला. भराभर, मोठमोठे हात करून. धाकट्याला ती बोली येत नव्हती. तो गोंधळून थोरलीकडे पाहू लागला. सगळेच तिच्याकडे पाहू लागले. ही बोली सगळी समजणारी ती एकटीच होती.

"तो म्हणतोय," ती त्याच्या हातांवर नजर ठेवून म्हणाली. "तो म्हणतोय, तुम्ही सगळ्यांनी हे आपापसात वाटून घेतलंत. कुणी घर सोडलं, कुणी गप्प बसलं, कुणी दार लावलं. मला कुणी विचारलं नाही. कान माझे होते."

चिमणने श्वास घेतला, आईकडे पाहिलं आणि पुढचं हळूहळू केलं, एकेक शब्द सुटा करून.

"तो म्हणतोय, आत्ता मी कुणाला माफ केलं असं कुणी समजू नये. खरं किती आणि बनवलेलं किती हे मला अजून कळत नाही. उद्या मी देवळात सगळ्यात पुढच्या बाकावर बसेन." थोरली थांबली. चिमण बोट दाखवत होता, आधी काकाकडे, मग तिच्याकडे. "दोघांनी उभं राहायचं. एकाने नाही. आणि तोंड माझ्याकडे करायचं. मला दोघांचेही ओठ दिसले पाहिजेत."

धाकट्याने होकारार्थी मान हलवली. थोरल्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला, भिंतीजवळची रिकामी खुर्ची उचलली आणि भावाच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली. पण तिच्यावर बसायचं की तिथून निघून जायचं ते त्याला सुचेना. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.